तीन स्टेशनांची लाइन

उइटहॉर्न या डच गावातल्या शाळेत येऊन आठ महिने झाले, तरी वर्गात जुईच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं. घरी टकळी अखंड चालू, शाळेत मात्र मुकी. बाईंनी तिच्या आईला, मृदुलाला, सांगितलं होतं, "स्प्रेकबर्टलाही बोलली नाही, तर तज्ज्ञांना दाखवू." स्प्रेकबर्ट म्हणजे वर्गापुढे उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं.

जुईने विषय निवडला इंग्लंडमधली जुनी रेल्वे. इकडे येण्याआधी तिच्या बाबाची, शिरीषची, नोकरी तिथल्या एका छोट्या गावात होती. घरामागून व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, रूळ उखडलेली लाइन जायची आणि बापलेक रविवारी तिच्यावरून भटकायचे. मृदुलाने शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांचा सगळा अनुभव पणाला लावला. १८६६ साली सुरुवात, तीन स्टेशनं, खाणीतल्या दगडाची वाहतूक, शंभर वर्षांनी बंद. असे अकरा परिच्छेद लिहिले, डचमध्ये करून घेतले आणि लेकीकडून घोकून घेतले.

"अगं, तिला नुसतं बोलायचंय," शिरीष म्हणाला.

"तू गप रे. ऐन वेळी त त प प झालं म्हणजे?"

स्प्रेकबर्टच्या दिवशी बाईंनी मृदुलाला मागे बसू दिलं. जुईने तीन वाक्यं धाडधाड म्हटली आणि अडकली. मृदुलाचे ओठ आपोआप हलायला लागले: दगड, खाणीतला दगड! जुईने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "त्या गाडीत संडास होता?"

अकरा परिच्छेदांत संडास कुठेच नव्हता.

जुईने मान वर केली. "नाही," ती डचमध्ये म्हणाली. "दाबून धरायची. तिसऱ्या स्टेशनापर्यंत!"

वर्ग खो खो हसला.

"आणि तिथे?"

"स्टेशनमास्तरच्या घरामागे होता. पण किल्ली त्याच्या बायकोकडे! बाबा म्हणतो."

मग गाडी सुटलीच. चुकतमाकत डच, मधेच इंग्रजी, एकदा तर चक्क "अय्या!" फलाटावर माजलेली बेरीची काटेरी झुडपं, पुलाखालची वटवाघळं, कडेला बाबा घसरून पडला ते चिखलाचं डबकं. यातलं एक अक्षरही मृदुलाने लिहिलेलं नव्हतं.

अखेर बाईंनी घड्याळ दाखवलं. "जुई, पुरे आता. बस खाली."

"एकच मिनिट, बाई! बोगदा राहिलाय!"

बाई मृदुलाकडे बघून हसल्या. मृदुला डोळे पुसत पुटपुटली, "बोल गं बाई, बोल."