चांदणीला घेऊन वाडीहून

रोशनची घोडी सकाळपासून मान वळवून पोटाकडे पाहत होती, खुरांनी जमीन उकरत होती, चाऱ्याला तोंड लावत नव्हती. वरातीत नाचणारी ही चांदणी त्यानं शिंगरू असल्यापासून वाढवलेली. डॉक्टर फोनवर म्हणाले, "पोटशूळ आहे. लोळू देऊ नका, ताबडतोब दवाखान्यात आणा."

आजारी जनावरं दवाखान्यात पोचवणारी रामदासपेठेतली गार्गी आपल्या गाडीमागे ट्रेलर जोडून वाडीला आली. चांदणी कशीबशी चढली. तिच्यामागं रोशनही चढू लागला.

"चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसत नसतो, रोशनभाऊ. पुढं या."

"एकटी घाबरून जाईल ना ती, ताई!"

"घाबरून पडली तर तुमच्याच अंगावर पडेल."

हूक, साखळी, मागचे दिवे, सगळं पाहून गार्गी निघाली. अमरावती रोडवर ट्रकांची वर्दळ होती. ती चाळीसच्या वर जात नव्हती. रोशन सारखा मागच्या काचेकडं वळत होता.

"ताई, हाना ना जरा! तडफडून राहिली तिकडं."

ट्रेलरमधून धाडकन आवाज आला. तो गार्गीनंही ऐकला. इतका वेळ तिनं मन आवरलं होतं. पण रस्ता जरा मोकळा दिसला आणि तिनं पाय दाबला. साठ. तेवढ्यात उजवीकडून एक ट्रक भर्रकन पुढं गेला. ट्रेलर डावीकडं झुकला, मग उजवीकडं, आणि गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर फरफटू लागला.

"ब्रेक मारा ताई! ब्रेक!"

तिनं मारला नाही. मागचं वजन गाडीला ढकलून आडवं करेल हे तिला ठाऊक होतं. तिनं फक्त रेसवरून पाय उचलला आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं. हेलकावे हळूहळू कमी झाले. गाडी कडेला थांबली.

रोशन मागं धावला. चांदणी उभी होती, घामानं निथळत. दोरी ढिली झाल्यानं ती पार मागं सरकली होती, सगळा भार ट्रेलरच्या टोकाला; म्हणूनच तो एवढा डोलला होता. दोघांनी तिला पुढं घेतलं आणि दोरी आखूड बांधली.

"आता मी केवढाही ओरडलो ना, तरी ऐकू नका," रोशन म्हणाला.

तरी प्रत्येक सिग्नलला तो गाडीचं दार अर्धं उघडून मागं पाही. गार्गी पुढच्या गाडीपासून लांब अंतर ठेवी. त्यात दर वेळी एखादा ऑटो घुसे, आणि ती पुन्हा मागं राही.

दवाखान्यात ट्रेलरचं दार उघडलं, तर आत ताजी लीद पडली होती. डॉक्टरांनी पोटाला नळी लावून ऐकलं, रोशनकडून वाटेतली हकीकत ऐकली आणि ते हसले. "आतडं हललं. तुमच्या हेलकाव्यांनीच झालं असेल." गार्गीला हसू आलं नाही.

ऊन उतरल्यावर चांदणीनं गवताला तोंड लावलं. रोशननं डोळे पुसले.

"चला, घरी नेऊ हिला," गार्गी म्हणाली.

"न्या ना ताई. पण मी मांगून ऑटोनं येतो. गाडीत बसलो का मी तुमाले पुन्हा घाई करीन."