कॉपर वॅगनपर्यंत

घरच्या फ्रीझरमध्ये अर्धा बैल कापून, पांढऱ्या कागदात गुंडाळून ठेवलेला असताना एल्डन वोंद्राचेक म्हणाला, की मला स्टेक खायचाय, पण तो ओमाहाला, कॉपर वॅगनमध्ये.

आर्डिस भांडी विसळत होती. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. घशाच्या कॅन्सरवर किरणं घेतल्यापासून नवऱ्याचा आवाज वाळूतून फावडं ओढल्यासारखा झाला होता. नळ चालू असला की निम्मं बोलणं वाहून जायचं. तिनं नळ बंद केला.

"कुठं म्हणालास?"

"कॉपर वॅगन. हॉस्पिटलच्या समोर आहे ते."

"ती चेन? दिसेल त्या हायवेला जिची शाखा असते ती?"

"तीच."

"जायला पाच तास लागतात, एल्डन."

"रस्ता मला माहीत नाही होय?"

आर्डिसनं तवा उचलला आणि कोरडाच असलेला तो पुन्हा पुसायला घेतला.

तिला लागलं होतं आणि लागण्यासारखंच होतं. वर्षभर एल्डनच्या पोटात नळीवाटे पिठूळ दुधासारखं काहीतरी जात होतं. ते ओतायची तीच. शेजारी बसून एकटीनं जेवायची चोरी वाटायची, म्हणून ती उभ्या उभ्या पावाचा तुकडा तोंडात टाकायची. नळी निघाली, मग लापशी आली, मग अंडी, मग मऊ शिजवलेली कोंबडी. आणि गेल्या मंगळवारी, त्याला गिळायला नव्यानं शिकवणारी मारीसोल म्हणाली, "आता मांसही चालेल. छोटा घास, भरपूर चावायचं आणि प्रत्येक घासाला पाणी." त्याच क्षणी आर्डिसनं मनात बेत पक्का केला होता. फ्रीझरच्या तळाशी तिनं एक बरगडीचा तुकडा राखून ठेवला होता. आपल्याच कुरणातल्या जनावराचा, चरबीची सुरेख नक्षी असलेला. बिडाचा तवा, लोणी, वरून मीठ. चर्चच्या जेवणावळीत तिच्या स्टेकसाठी माणसं तीन तालुक्यांतून यायची. आणि हा म्हणत होता, कॉपर वॅगन!

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्वेन कॉफीला आला. ड्वेन म्हणजे एल्डनचा धाकटा भाऊ, कुंपणापलीकडच्या रँचवर राहणारा. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नसे. बेत ऐकून त्यानं टेबलावर थाप मारली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अरे, आपण इथं जनावरं वाढवायची, ती ट्रकनं कुठल्या कुठं जायची, तिथं ती कुणीतरी गोठवायची आणि मग आपण पाच तास गाडी हाकून तीच खायला जायचं?"

"हो," एल्डन म्हणाला.

"त्यांचा स्टेक खाल्लाय का कधी? मी खाल्लाय. बुटाला सॉस लावून दिला असता तरी चाललं असतं. आर्डिस, तू तरी सांग याला काही."

"मी कशाला सांगू? याला माझ्या हातचं नको झालंय," आर्डिस म्हणाली.

एल्डननं मान खाली घातली. कॉफीत पाव बुडवून सावकाश चावत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्याचा स्वभाव जुनाच; खरं कारण पोटातून ओठावर यायला वेळ लागणार, हे आर्डिसला ठाऊक होतं. पण या वेळी वाट बघायची तिची तयारी नव्हती.

ड्वेन गेल्यावर दोघं गुरांना वैरण घालायला निघाली. पूर्वी एल्डन मागं उभा राहून गवताचे गठ्ठे ढकलायचा आणि ती पिकअप हाकायची. आता उलटं झालं होतं. तो वाळूच्या टेकड्यांमधून गाडी रांगत नेत होता, ती मागून गवत सोडत होती. गायी फुरफुरत मागं येत होत्या. शेवटचा गठ्ठा टाकून ती पुढं येऊन बसली, हातमोजे काढले आणि म्हणाली,

"आता सांग. तिथंच का?"

एल्डननं इंजिन बंद केलं.

"उपचाराला ओमाहात राहिलो होतो तेव्हा रोज किरणं घेऊन झाली की तू औषधं आणायला जायचीस. मी गाडीत बसायचो. समोर त्या हॉटेलाचं धुराडं. वास येत नव्हता, नाकाचं कामच संपलेलं. पण धूर दिसायचा. माणसं आत जायची आणि पोट चोळत बाहेर यायची. लठ्ठ, बारीक, सगळी. मी थुंकीसुद्धा गिळू शकत नव्हतो, डबा धरून बसायचो." तो थांबला, बाटलीतून पाण्याचा घोट घेतला. "मी ठरवलं, एक दिवस मीही त्या दारातून असाच पोट चोळत बाहेर पडणार."

"आणि माझा स्टेक?"

"तुझ्या स्टेकचा विचार केला असता तर रडलो असतो, आर्डिस. म्हणून त्यांच्या स्टेकचा केला."

खिडकीबाहेर एक गाय आरसा चाटत होती. आर्डिसनं तिला हाकललं नाही.

"शुक्रवारी निघू," ती म्हणाली. "उजाडल्यावर. आणि तो निळा शर्ट घालायचा, हा नाही."

शुक्रवारी हवा स्वच्छ होती. नदीकाठच्या मक्याच्या खुंटांत करकोचे हजारोंनी उतरले होते. आर्डिस गाडी चालवत होती आणि एल्डन शेजारी वरासारखा ताठ बसला होता. ग्रँड आयलंडपर्यंत तो शीळसुद्धा घालायचा प्रयत्न करत होता.

तिथं पेट्रोल भरायला थांबल्यावर त्यानं दुकानातून एक डोनट घेतला आणि पाण्याची बाटली गाडीत असताना तसाच घास घेतला. घास कोरडा पडला, अडकला. आर्डिस बाहेर पंपाशी होती. वळून बघते तो एल्डन गाडीच्या टपावर हात ठेवून वाकलेला, चेहरा लालबुंद, खोकल्यावर खोकला. ती धावली. घास सुटला, खाली पडला. पण एल्डनच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते नुसत्या खोकल्याचं नव्हतं.

"परत फिरू," तो म्हणाला. "इथंच कुठंतरी अंडी खातो आणि जाऊ घरी. डोनट जात नाही आणि निघालोय स्टेक खायला."

"कोरडा खाल्लास म्हणून अडकला."

"तिथं माणसं असतील. सगळ्यांदेखत अडकला म्हणजे?"

"मग मी पाठीत धपाटा घालीन. लग्न झाल्यापासून घालायची इच्छा आहेच."

तो हसला नाही. रस्त्याकडं, घराच्या दिशेला बघत राहिला. आणि आर्डिसच्या लक्षात आलं, की चार दिवसांपूर्वी आपल्याला हेच हवं होतं. गाडी आत्ता वळवली तर संध्याकाळी आपला तवा, आपलं लोणी, आपला तुकडा. एल्डन मुकाट्यानं बसेलही, खाईलही. पण असा भेदरलेला माणूस आपल्या टेबलावर बसलेला तिला नको होता. असा तो वर्षभर बसला होता.

"गाडीत बस," ती म्हणाली. "तुला खायचं नसेल तर नको खाऊस. मी खाणार आहे. मला भूक लागलीय आणि तुझ्या त्या धुराड्यानं माझं डोकं फिरवलंय."

तो बसला. पुढचे दोन तास पाण्याची बाटली त्याच्या हातातून सुटली नाही.

कॉपर वॅगनच्या दारावर तांब्याचं भलंमोठं चाक होतं आणि आत दुपारच्या जेवणाची गर्दी. वर टीव्ही चालू, खाली पोरांचा दंगा, कुणाचातरी वाढदिवस. ब्रिएल नावाची तरतरीत पोरगी ऑर्डर घ्यायला आली.

"बोला, काय आणू?"

एल्डननं सांगितलं. तिला ऐकू गेलं नाही. ती वाकली. त्यानं पुन्हा सांगितलं. आर्डिसनं तोंड उघडलं, कारण वर्षभर बँकेत, दवाखान्यात, फोनवर त्याच्या वतीनं तीच बोलत आली होती. एल्डननं हात वर करून तिला थांबवलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, "बरगडीचा. मोठा. आतून लाल."

स्टेक आला. एल्डननं मधोमध सुरी फिरवली. आत लाल तर सोडाच, गुलाबीसुद्धा काही नव्हतं. राखाडी रंगाचा, वाळलेला तुकडा. हा घशाखाली उतरणार नाही, हे आर्डिसला दिसत होतं. 'जाऊ दे, सूप मागवू,' असं तो म्हणणार, याची वाट बघत ती बसली.

एल्डननं ताट पुढं सरकवलं आणि ब्रिएलला हाक मारली. ती हाक म्हणजे आवाज नव्हताच, करवत चालल्यासारखी खरखर होती. पण अशी निघाली, की शेजारची दोन टेबलं गप्प झाली.

"पोरी, मी गुरं पाळतो. एक जनावर वाढवायला काय लागतं ते मला माहीत आहे. थंडीत मध्यरात्री उठून वासरू ओढून काढावं लागतं. आणि तुमच्या आचाऱ्यानं त्याची चप्पल केलीय. मी वर्षभर काही गिळलेलं नाही. मला दुसरा आण. नीट."

"आणते," ब्रिएल म्हणाली. तिनं ताट उचललं, आणि दोन पावलं जाऊन वळून म्हणाली, "मी स्वतः तव्याशी उभी राहते."

आर्डिस नवऱ्याकडं बघत राहिली. त्याचे कान लाल झाले होते. तरुणपणी गुरांच्या बाजारात दलालाशी भांडून आल्यावर व्हायचे तसे.

दुसरा स्टेक आला तो चरचरत. सुरी फिरली आणि ताटात लाल रस उतरला. एल्डननं नखाएवढा तुकडा कापला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिला. चावतोय, चावतोय. पाण्याचा घोट. आर्डिसची नजर त्याच्या गळ्यावरच्या घाटीवर. घाटी वर गेली, तिथंच थबकली आणि खाली उतरली.

एल्डननं डोळे उघडले. काही न बोलता दुसरा तुकडा कापला, पहिल्याहून मोठा.

मग ती दोघं जेवली. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. स्टेक गार पडला, ब्रिएलनं न सांगता गरम करून आणला. पाण्याचे जग आले आणि गेले. आर्डिसनं आपल्या ताटातला चाखून बघितला. मीठ जास्त, लोणी नावाला.

"कसा आहे?" तिनं विचारलं.

"चव निम्मीच लागतेय. पण खरं सांगू? बरा आहे. तुझ्या पासंगालाही पुरायचा नाही."

"मग?"

"मग काय? सोडतोय होय!"

बरगडीचं हाड त्यानं हातात धरून साफ केलं. निळ्या शर्टावर रसाचा ओघळ आला. आर्डिसनं तो पुसला नाही. ती हसत होती, गदगदून, तोंडावर नॅपकिन धरून, आणि तिचं तिलाच कळत नव्हतं की यात हसू किती आणि रडू किती.

तिनं पुढं जाऊन पिकअप दाराशी आणली, तेव्हा एल्डन तांब्याच्या चाकाखालून बाहेर पडत होता. दोन्ही हातांनी, सावकाश, सगळ्या दुनियेला दिसेल असं पोट चोळत.

पण तो गाडीपाशी आला नाही. दारालगत एक माणूस पार्सलची वाट बघत उभा होता. पन्नाशीचा असेल, अंगातला कोट दोन मापं मोठा झालेला, गळ्याची कातडी भाजल्यासारखी लाल. पार्सल बहुधा घरच्यांसाठी असावं. एल्डन त्याच्यापुढं थांबला. काहीतरी म्हणाला. त्या माणसानं आपल्या गळ्याकडं बोट दाखवून नकारार्थी मान हलवली. एल्डननं स्वतःच्या गळ्याकडं बोट दाखवलं आणि होकारार्थी मान हलवली.

मग एल्डननं दोन्ही हात पसरून स्टेक केवढा होता ते दाखवलं. होता त्याच्या दुप्पट दाखवला. तो माणूस हसला. एल्डन बोलतच राहिला, त्या खरखरीत आवाजात, हातवारे करत, मध्येच बाटलीतून घोट घेत.

आर्डिसनं काच थोडी खाली केली. पुढं पाच तासांचा रस्ता होता. तिनं इंजिन बंद केलं आणि सीटवर मागं रेलून निवांत बसली.