पलीकडून उत्तर नाही

फिटरने केबलचं निळं आवरण बोटभर सोललं, आतल्या तारांचे पीळ उलगडले, अंगठ्याने दाबून त्या सरळ केल्या आणि रंगांच्या क्रमाने लावून टोकं एका रेषेत कापली. वर प्लॅस्टिकचं टोपण चढवलं, पकडीत धरलं, मूठ आवळली. कट्ट असा आवाज झाला. तपासणीच्या डबीला केबल जोडली तर सगळे दिवे एकामागून एक झरझर पेटत गेले. आधीच्या केबलीतही काही खोट नव्हती, हे त्याला माहीत होतं. पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

नवी केबल त्याने यंत्रं जोडायच्या खोक्यात, स्विचमध्ये, खोचली. हिरवा दिवा लागला. मग संगणकाकडे वळून त्याने पलीकडच्या विभागाला पुन्हा हाक मारली. पडद्यावर थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मग तीच ओळ उमटली. पलीकडून उत्तर नाही. तिच्याखाली आणखी एक, तशीच.

परीक्षेतलं काम ऐकायला सोपं होतं. एका कचेरीचे दोन विभाग, प्रत्येक विभागात दोन संगणक, मधोमध त्यांना जोडणारा एक राउटर. आधी कागदावर आखणी करायची, मग केबली जोडायच्या, प्रत्येक यंत्राला त्याचा पत्ता आणि विभागाबाहेर पडायच्या दाराचा पत्ता द्यायचा, आणि शेवटी या विभागातून पाठवलेल्या निरोपाला त्या विभागातून उत्तर आलं पाहिजे. फिटरच्या टेबलावर अलीकडचे दोन संगणक एकमेकांशी गुण्यागोविंदाने बोलत होते. पलीकडचे दोघेही. पण दोन शेजारणींनी अबोला धरावा तसं इकडून तिकडे काही म्हणता काही होत नव्हतं.

खोलीच्या टोकाला परीक्षक बसले होते. त्यांच्याशेजारी इस्पितळाचा माणूस. इस्पितळाला आपलं नेटवर्क सांभाळायला एक माणूस हवा होता, एकच, आणि ज्याचं काम मनासारखं होईल त्याला तिथल्या तिथे बोलावून घेणार, असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. मॅडम म्हणजे शिकवणारी मुलगी. फिटरच्या लेकीच्या वयाची. परीक्षेत तिला बोलायची मुभा नव्हती, म्हणून ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती आणि कोणाच्याच टेबलाकडे बघायचं टाळत होती.

साबणाचा कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी कामगारांना नवं काहीतरी शिकवायची सोय केली. घरातलं आणखी एक माणूस आणलं तरी चालेल, असंही कळवलं. बहुतेकांनी गाडी चालवणं निवडलं, काहींनी फ्रिजदुरुस्ती. फिटरने नेटवर्क निवडलं, कारण त्याच्या पॅकिंग मशीनच्या डोक्यावरून केबली टाकायला आलेली माणसं त्याने पाहिली होती. तारा ओढायच्या, टोकं जोडायची. हा तर आपल्या हातचा मळ, असं तो घरी येऊन म्हणाला होता. घरातल्या दुसऱ्या माणसाची जागा रिकामी जायला नको म्हणून बायकोचं नाव घातलं. ती शेजाऱ्यांचे कपडे उसवून, घट्ट किंवा सैल करून द्यायची. तिला विचारलं तेव्हा तोंडातला दोरा दाताने तोडत ती एवढंच म्हणाली, "येईन की. तुम्हाला सोबत."

पहिले काही दिवस फिटरचे होते. त्याच्यासारखी केबल वर्गात कोणालाच जमत नव्हती. मॅडम त्याची केबल हातात धरून सगळ्यांना दाखवायच्या, "काकांसारखं काम पाहिजे." तो मान खाली घालून हसायचा. घरी जाताना बायकोला म्हणायचा, "अगं, मशीन काय नि हे काय, सगळं हातात असतं."

मग पत्त्यांचे धडे सुरू झाले आणि त्याच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकायला लागली. मशीन बिघडलं की दिसायचं. पट्टा घसरायचा, दाता तुटायचा, निदान वास तरी यायचा. इथे सगळं जागच्या जागी असायचं. दिवा हिरवा, केबल घट्ट, आणि तरीही जात नाही. का जात नाही, तर पत्ता चुकला. पत्ता कुठे असतो? आत. आत म्हणजे कुठे?

"पत्ता आहे तर पोस्टमन कुठाय?" त्याने एकदा विचारलं. सगळा वर्ग हसला. तोही हसला. पण त्याने ते खरंच विचारलं होतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावरची भांडी आवरून दोघं वर्गातून आणलेली जुनी यंत्रं मांडून बसायची. बायको कपाळाला पेन लावून म्हणायची, "अहो, माझं अडलंय. हे कसं करायचं, सांगा ना." तिची केबल सैल लागलेली असायची, नाहीतर एखादी तार मागेपुढे झालेली. तो ती कापून पुन्हा करून द्यायचा. तेवढ्यापुरतं त्याला हायसं वाटायचं. तिला एवढंही जमत नाही, मग आपण फार मागे नाही. एकदा तर तो तिला रागावलाही होता, "लक्ष कुठे असतं तुझं?" तिने मुकाट ऐकून घेतलं होतं.

आता ती त्याच्या पुढच्याच टेबलावर अर्धवट पाठमोरी बसली होती. मघाशी पाणी प्यायला उठली तेव्हा उगाचच त्याच्या टेबलाला वळसा घालून गेली. त्याने आखलेल्या कागदावर तिची नजर रेंगाळली, ओठ हलल्यासारखे झाले. परीक्षकांनी घसा खाकरला. फिटरला वाटलं, ही आपल्यालाच काहीतरी विचारतेय. त्याने भुवया उंचावून, दोन्ही तळवे किंचित वर करून तिला सांगितलं, नाही गं, मलाच कळत नाहीये. ती जागेवर गेली. तिचंही अडलंच होतं, हे तिच्या कपाळावर टेकलेल्या पेनावरून दिसत होतं.

खिडकीशेजारचा एकजण उठला आणि हात झटकून बाहेर निघून गेला. दुसऱ्याने परीक्षकांना बोलावलं, त्यांनी त्याच्या पडद्याकडे बघून मान हलवली, चांगली का वाईट ते फिटरला ओळखू आलं नाही. त्याने राउटर बंद करून पुन्हा चालू केला. सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली. पत्ते पाहिले. ते आकडे त्याने वर्गात लिहून घेतले होते, पाठ केले होते, सकाळी दाढी करताना म्हटलेही होते. आता ते त्याच्याकडे अनोळखी माणसांसारखे बघत होते. त्यांतला चुकीचा कोणता, हे विचारायला तोंड नव्हतं आणि शोधायला डोळे नव्हते. तळहाताला घाम आला. पकड निसटली आणि खाली पडली.

ती उचलायला तो वाकला.

वाकता वाकता त्याची नजर बायकोच्या पडद्यावर गेली. पडद्यावर ओळी सरकत होत्या. उत्तर आलं. उत्तर आलं. उत्तर आलं. एकीखाली एक, न थांबता. झालं की हिचं! आणि तो आणखी खाली, टेबलाच्या पातळीखाली गेला, पकडीकडे हात नेला, तेवढ्यात समोरच्या टेबलाखालच्या फळीवरच्या स्विचकडे बायकोचा डावा हात आला. कपडे उसवते तितक्याच सराईतपणे तिच्या अंगठ्याने केबलच्या टोकाची जीभ दाबली आणि केबल बाहेर ओढली. स्विचवरचा हिरवा दिवा विझला. केबलचं टोक तिने तिथेच, भोकाच्या तोंडाशी, नुसतं टेकवून ठेवलं.

फिटर सरळ बसला. तिच्या पडद्यावर आता ओळ बदलली होती. उत्तर नाही. तिने पेन उचललं आणि कपाळाला लावलं.

तो त्या पेनाकडे बघत राहिला. जेवणाच्या टेबलावरचं तेच पेन, तसंच टेकलेलं. मग एकेक संध्याकाळ त्याच्या समोर येऊन उभी राहायला लागली. सैल टोकं. मागेपुढे झालेल्या तारा. लक्ष कुठे असतं तुझं.

त्याचा चेहरा गरम झाला. उठावं आणि सगळ्यांसमोर ओरडून सांगावं, हिचं झालंय, मघाच झालंय, ती केबल लावा, असं त्याला वाटलं. पण दुसऱ्याच्या कामाबद्दल बोललं तर दोघांचंही काम रद्द, असं परीक्षकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. आणि गप्प बसलं तर? तर ती अशीच बसून राहणार, वेळ संपेपर्यंत. तो तिला ओळखत होता. शिवणाचा एक टाका चुकला तर अख्खी बाही उसवणारी बाई. तिने ठरवलं होतं की पुढे जायचं नाही, म्हणजे जाणार नव्हती. त्याच्या हातात काही नव्हतं. हातातली पकडसुद्धा त्याला जड झाली होती.

त्याने एकदा, शेवटचं म्हणून, पलीकडच्या विभागाला हाक मारली. उत्तर आलं नाही.

मग त्याने पकड टेबलावर ठेवली, सोललेल्या आवरणाचे निळे तुकडे गोळा करून मुठीत घेतले आणि उभा राहिला. खुर्ची मुद्दामच जोरात मागे सरकवली. बायकोने वळून पाहिलं.

"माझं होत नाही," तो परीक्षकांना म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "मी उठतो."

"वेळ आहे अजून, काका," दाराशी उभ्या असलेल्या मॅडमच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी लगेच परीक्षकांकडे बघून ओठ मिटले.

"वेळेनं नाही होणार," तो म्हणाला, आणि त्यांच्या बाजूने बाहेर पडला.

बाहेर लांबच लांब व्हरांडा होता. दाराला उभी काच होती. तिच्यासमोर थांबायचं नाही असं त्याने ठरवलं आणि थांबला. आत बायको त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. बराच वेळ. मग तिने काचेकडे पाहिलं. फिटरने चेहरा बाजूला घेतला, पाठ भिंतीला टेकवली आणि मुठीतले निळे तुकडे खिशात टाकले. आता आत काय चाललंय ते बघायची त्याची छाती होईना. तिने नाही लावली केबल तर? त्याने जाऊनसुद्धा नाही लावली तर?

एकेकजण बाहेर यायला लागले. कोणी त्याच्याकडे पाहून हसलं, कोणी पाहिलं न पाहिलंसं केलं. सगळ्यांच्या शेवटी ती आली. पिशवी छातीशी धरून, खाली बघत, जणू ती पिशवी कोणाच्या तरी घरातून न विचारता उचलून आणली होती.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं."

"इस्पितळवाले काय म्हणाले?"

"सोमवारी या म्हणाले." मग ती म्हणाली, "केबल सैल झाली होती हो माझी. म्हणून वेळ लागला."

"सैल नव्हती."

दोघं जिन्याकडे चालायला लागली. खालून कोणाच्या तरी मोटरसायकलचा आवाज आला आणि दूर गेला.

"घरी पण?" त्याने विचारलं.

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग पुन्हा पहिल्या हातात.

"सगळ्या वेळी नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. जिन्याचा कठडा धरून तो काही पायऱ्या उतरला आणि थांबला. राग यायला हवा होता, तो कुठून आणायचा ते त्याला कळेना.

"माझं काय चुकलं होतं?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुला दिसलं असेल. पाणी प्यायला उठलीस तेव्हा."

"मला काय कळतंय त्यातलं, मी आपली..." ती सवयीने म्हणून गेली आणि मध्येच थांबली. तिचा हात कपाळाकडे निघाला होता, तो तिने खाली घेतला.

"पलीकडच्या यंत्रांना तुम्ही बाहेर पडायचं दार अलीकडचं दिलंत," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण अडखळत नव्हता. त्याने तो आवाज घरात कधी ऐकला नव्हता. "बाकी सगळं बरोबर होतं. तुमचा निरोप पलीकडे पोचत होता. प्रत्येक वेळी पोचत होता. त्यांना उत्तर पाठवायला दार सापडत नव्हतं."

फिटरने ते ऐकलं. दार, अलीकडचं, पलीकडचं. शब्द सगळे ओळखीचे होते. त्याने ते एकाशेजारी एक लावून बघितले, तारा लावतो तसे, आणि ते पुन्हा विस्कटले.

"असं होय," तो म्हणाला. "कळलं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पदर सावरला, पिशवी बाजूला ठेवली आणि पायरीवर बसली.

"नाही कळलं," ती म्हणाली. "बसा इथं. परत सांगते."