बॉनेटखालचं लिंबू

आधीच सांगून ठेवतो, माझी गाडी भंगार नाही. माझी बायको शुभा चारचौघांत तिला 'मनोहरचं भंगार' म्हणते आणि चारचौघंही हसतात. हसू देत! साठच्या दशकातली हिरवी मॉरिस आहे ती. वर्षातले मोजकेच दिवस तिला रस्त्यावर आणायची परवानगी आहे, पण सिंगापूरमध्ये मला खोलून बघता येईल अशी ती एकमेव वस्तू आहे. बाकी या देशात सगळं आपोआप चालतं. लिफ्टसुद्धा बिघडायच्या आधी दुरुस्त होते. मग माणसानं करायचं काय? जन्मभर सॉफ्टवेअर लिहिलं, पण हाताला त्यातलं काही लागलं नाही. या गाडीचं ग्रीस निदान नखांत तरी राहतं.

तर या गाडीला मुळात फ्यूज दोनच. तेवढ्यावर दिवे, हॉर्न, वायपर सगळं चालायचं. त्यात मी हौसेनं पंखा बसवला, फोनचा चार्जर बसवला, झगझगीत दिवे बसवले. म्हणजे एका नळावर अख्खी चाळ. व्हायचं तेच झालं. मे महिन्यात एका रविवारी डॅशबोर्डखालून धूर यायला लागला. शुभा शेजारीच बसली होती. "काही नाही गं, वायर तापलीये," असं मी म्हणेपर्यंत ती दार उघडून फुटपाथवर उभी. घरी मेट्रोनं गेली. आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मग ती गाडीत बसायलाच तयार होईना. "विकून टाक. त्या अभयला दे," हे एकच पालुपद. अभय माझ्या ऑफिसातला, माझ्या गाडीवर कधीचा डोळा ठेवून आहे. वाद घालून घालून दोघंही दमलो आणि शेवटी करार झाला. मी गाडीला जादा फ्यूज ब्लॉक बसवायचा. दसऱ्याला दोघांनी गाडीतून लिटिल इंडियातल्या देवळात जाऊन यायचं. सुखरूप परत आलो तर गाडी राहील आणि शुभा तिच्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. वाटेत काही झालं तर गाडी अभयची.

मी कामाला लागलो. तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल वायरींनी भरून गेलं. शुभा ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायची आणि मी तिला समजावून सांगायचो. बॅटरीतून एक जाड वायर निघणार. तिच्यावर सुरुवातीलाच मेन फ्यूज. तिथून नव्या ब्लॉकवर, आणि ब्लॉकवर प्रत्येकाचा फ्यूज स्वतंत्र. दिव्यांचा वेगळा, पंख्याचा वेगळा, पेट्रोलच्या पंपाचा वेगळा.

"आणि तुझाच ब्लॉक पेटला तर?"

"तर मेन फ्यूज उडेल. त्याचं कामच ते. स्वतः जळायचं आणि गाडी वाचवायची."

"हं," म्हणून ती भात कालवायला लागली. तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला त्या 'हं'वरूनच कळलं.

खंडेनवमीला ब्लॉक बसवून झाला. सगळं झकास झालं होतं. जाड वायर ब्लॉकवरच्या ज्या बोल्टला जोडली होती, त्यावर घालायची रबरी टोपी तेवढी चुकीच्या मापाची आली होती. म्हटलं, नंतर बघू. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि वीज मोजायचा मल्टिमीटर पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. शुभा बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये पेशी वाढवते. ती दारात उभी राहून हसली. "मल्टिमीटरला कुंकू! कमाल आहे बाई तुझी." मग म्हणाली, "किल्ली दे जरा. गाडीत माझी छत्री राहिलीये, घेऊन येते."

दसऱ्याला सकाळी निघालो. इथे झाडाचं पान तोडायची सोय नाही, दंड होतो. म्हणून आपट्याच्या जातीचं एक झाड आहे खाली, त्याची गळलेली पानं शुभा दरवर्षी वेचते. तशी चार पानं पर्समध्ये टाकून ती माझ्या शेजारी बसली. एक हात पर्सवर आणि दुसरा दाराच्या हँडलवर, अगदी घट्ट. मी पंखा लावला, दिवे लावले, उगीचच हॉर्न वाजवला. गाडी मस्त चालली होती. मी मनात अभयला वाकुल्या दाखवत होतो.

सेरंगून रोडला एका खड्ड्यात चाक आपटलं आणि दोघांनाही जबरदस्त ठसका लागला.

"कुठेतरी मसाला भाजतायत," मी डोळे पुसत म्हणालो.

तेवढ्यात पंखा थांबला. दिवे गेले. हॉर्न दाबला तर गप्प. पेट्रोलचा पंपही बंद पडला असणार, कारण इंजिनानं दोन आचके दिले आणि मान टाकली. कशीबशी गाडी गल्लीत ढकलत घेतली. गेली माझी गाडी.

बॉनेट उघडलं आणि नाकातोंडात मिरचीचा खकाणा गेला. ब्लॉकशेजारच्या लोखंडी हुकाला लिंबू-मिरची लटकत होती. तारेत ओवलेली. हादऱ्यानं तारेचं टोक त्या उघड्या बोल्टला जाऊन टेकलं होतं. तार काळीठिक्कर, मिरच्या भाजून कोळसा, आणि मेन फ्यूज उडालेला.

माझं डोकंच फिरलं. "हे कुणी बांधलं? कुठल्या गाढवानं?"

"मी," शुभा म्हणाली.

"तू? अगं, तुझा विश्वास तरी आहे का असल्या गोष्टींवर?"

"काडीचा नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. मिरचीमुळे होतं की कशामुळे, देव जाणे. "पण त्या दिवशी धूर आला तेव्हा मी पटकन उतरले. आणि तू आतच. वाकून वायरी बघत बसलेला. मी काचेवर हात आपटत होते, मनोहर, आणि तुला ऐकूच येत नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं. तेव्हापासून तू किल्ली उचललीस की तू परत येईपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. बाहेर बांधलं असतं तर तू हसला असतास. म्हणून आत बांधलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मल्टिमीटरच्या कुंकवाला हसणारी ही बाई, छत्रीच्या निमित्तानं खाली जाऊन लिंबू बांधून आली होती, आणि मी इतके महिने तिला नुसती हट्टी समजत होतो. मला फार वाईट वाटलं. मी खिशातून फोन काढला.

"कुणाला करतोयस?"

"अभयला. करार म्हणजे करार. आणि तू इतकी घाबरत असशील तर मला नकोच ही गाडी. खरंच नको."

तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. बॉनेटमध्ये वाकली आणि काळ्या तारेकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा मेन फ्यूज उडाला नसता तर?"

"वायर पेटली असती. कदाचित गाडीही."

"म्हणजे तू सांगत होतास ते खरं निघालं."

"हो. पण तो बोल्ट मी उघडा ठेवायला नको होता."

"नकोच होता. टोपी नव्हती तर चिकटपट्टी तरी गुंडाळायची. इंजिनिअर ना तू?" तिनं तार हुकावरून सोडवली. "दुसरा फ्यूज आहे का?"

"आहे."

"मग घाल. देवळात जायचंय ना?"

मी बोल्टला भरपूर चिकटपट्टी गुंडाळली, फ्यूज घातला. पहिल्याच फटक्यात गाडी सुरू झाली. पंखा फिरायला लागला आणि उरलेली मिरची आमच्या तोंडावर आली. दोघंही खोकत खोकत हसलो.

पुढच्या सिग्नलला शुभानं पर्समधून पान काढून माझ्या तळव्यावर ठेवलं. "सोनं घे," म्हणाली, आणि हात तिथेच राहू दिला. कितीतरी वेळानं माझ्या लक्षात आलं, हा तिचा दाराच्या हँडलवरचा हात होता.