निघतानाचा शब्द

भिंतीवरचे तक्ते उतरवायचं काम धाकटीच्या वाट्याला आलं होतं. चिकटपट्टी नखाने अलगद उचलायची, भिंतीचा रंग उचकटता कामा नये, अशी रखवालदाराची ताकीद होती. गटातले बाकीचे तिघे टेबलांवर बसून केक खात होते. त्यांच्या प्रकल्पाला दुसरा क्रमांक मिळाला होता, आणि दुसऱ्या क्रमांकाचा आनंद पहिल्यापेक्षा जरा मोठ्याने साजरा करावा लागतो. शेवटच्या तक्त्यावर शिलाई मशिनीशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंचा फोटो होता. तो काढत असतानाच धाकटीचा फोन वाजला.

फोन त्या बाईंच्या भाचीचा होता.

घरी ती दोन बहिणींतली धाकटी, आणि नावापेक्षा तीच हाक तिच्या अंगवळणी पडलेली, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. सामाजिक उद्योजकता नावाचा विषय शिकायला ती एवढ्या लांब, परदेशात आली होती. घरात ते नाव कोणाच्या जिभेवर नीट बसलं नाही. थोरलीने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता, की धंदाही करायचा आणि पुण्यही पदरात पाडायचं, म्हणजे दोन्ही डगरींवर हात. इथल्या सरांनी मात्र पुस्तक उघडलंच नाही. पहिल्याच दिवशी चौघाचौघांचे गट पाडले आणि रस्त्यावर धाडलं. कोणाचं काय अडलंय ते शोधा, आणि त्यावर असा उद्योग काढा, जो त्यांच्या उपयोगी पडेल आणि स्वतःच्या पायावरही उभा राहील.

धाकटीच्या गटात एक उंच, सदा हुकूम सोडणारा मुलगा होता. त्याला ती मनात सेनापती म्हणे. दुसऱ्याला कुठलीही गोष्ट कोष्टकात बसवल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून तो हिशेब्या. तिसरी मुलगी चित्रं काढायची. उरलं लोकांशी बोलणं, ते धाकटीकडे आलं. तुला म्हातारी माणसं आवडतात, तू जा, असं सेनापतीने ठरवूनच टाकलं, आणि ते खोटंही नव्हतं. वस्तीत कितीतरी बायका अशा निघाल्या, ज्यांनी उभा जन्म शिवणकामात काढला होता आणि आता मशीन झाकून घरात बसल्या होत्या. त्याच वस्तीतली तरुण पोरं चेन बिघडली की पँट फेकून देत होती. या दोघांची गाठ घालून द्यायची, एवढीच कल्पना. करून बघायला एक बाई हव्या होत्या, त्या शिंपीणबाई.

शिंपीणबाई चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. इमारतीला लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी कधीच असहकार पुकारलेला. कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर फक्त बाह्या जोडल्या होत्या. बाही आली, जोडली, पुढे गेली. अख्खा सदरा कसा दिसतो ते पगाराच्या दिवशी दुकानाच्या काचेतून बघायचं, असं त्या हसत सांगत. आता धाकटी दर मंगळवारी पिशवीभर फाटकं घेऊन जिना चढायची आणि नीट झालेले कपडे खाली आणायची. काम तासाभराचं, पण ती संध्याकाळपर्यंत बसायची. बाई तिच्याकडून सुईत दोरा ओवून घ्यायच्या आणि कोणाची पँट कशी फाटली असेल यावर दोघी तर्क लढवायच्या. धाकटीला तिथे बरं वाटे. आई गेल्यापासून कोणाच्या शेजारी असं काही न करता बसणं तिच्या नशिबात आलं नव्हतं.

सादरीकरणाच्या वेळी परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला होता, हे टिकेल का? सेनापतीने डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, टिकेल. टाळ्या पडल्या. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, पण वाढणाऱ्याने झोकात वाढला. सेनापतीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, हिशेब्या आपल्या गावी परतणार होता, आणि धाकटीचं तर विमानाचं तिकीट आलेलं होतं. हे चौघांनाही ठाऊक होतं, आणि चौघांनीही टाळ्या घेतल्या.

भाचीचा आवाज चढलेला नव्हता, नुसता दमलेला होता. ती राहते त्या इमारतीत तळमजल्यावरची खोली रिकामी झाली होती. तिने घरमालकाला गळ घालून ती मावशीसाठी धरून ठेवली होती. जिन्याची कटकट नाही, आणि भाचीचं दार समोरच. मावशी आधी तयार होती. मग एकाएकी नाही म्हणाली. कपडे येणार आहेत, मुलगी येणार आहे, मी इथे नसले तर ती चार जिने चढून कुलूप बघून परत जाईल का, म्हणाली. घरमालक तरी किती थांबणार? काल खोली दुसऱ्याला गेली.

"ती म्हणते, मुलगी दर वेळी 'येते' म्हणून निघते, आणि येतेच," भाची म्हणाली. "मागच्या मंगळवारीही तेच म्हणालात. तुम्ही खरंच येणार आहात?"

धाकटीच्या हातात चिकटपट्टीचा गोळा तसाच राहिला. त्या देशाच्या भाषेत निघणारा माणूस 'जाते' म्हणतो. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. 'येते' तिथे तेव्हाच म्हणतात, जेव्हा खरोखर यायचं असतं. धाकटी ती भाषा रीतसर वर्गात शिकली होती, व्याकरणात तिने चांगले गुण मिळवले होते. पण दारातला तो एक शब्द कुठल्या वर्गातून आलेला नव्हता. तो घरून थेट जिभेवर यायचा आणि तिच्याही नकळत त्या भाषेचे कपडे घालून बाहेर पडायचा. मागच्या मंगळवारी काम संपल्याचं सांगायचं ठरवूनच ती गेली होती. सांगवेना, म्हणून दिवसभर इकडचं तिकडचं बोलली, आणि उठताना म्हणाली, येते.

तिने सेनापतीला विचारून पाहिलं, की कोणी पुढे चालवेल का. त्याने केकची बशी खाली ठेवली आणि फार समजूतदारपणे सांगितलं, की हा अभ्यासक्रम आहे, दुकान नव्हे. आपण शिकायला आलो होतो, आणि आपण शिकलो. त्याचं चुकलं असं तिला म्हणता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती चार जिने चढली. हातात पिशवी नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. शिंपीणबाईंनी दार उघडलं, आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग रिकाम्या हातांकडे. मशीन खिडकीशी सरकवलेली होती, उजेडात. शेजारी एक नवं स्टूल होतं, मऊ गादीचं. आधीचं लाकडी होतं आणि धाकटी त्यावर सारखी बूड हलवत बसायची, हे बाईंनी पाहून ठेवलं होतं.

धाकटी त्या स्टुलावर बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. प्रकल्प संपला, कपडे येणार नाहीत, ती स्वतः पुढच्या आठवड्यात घरी जाणार. आणि तो शब्द. आमच्याकडे निघताना कोणी 'जाते' म्हणत नाही, अशुभ मानतात, ती म्हणाली. माणूस परत यावा म्हणून 'येते' म्हणायचं. सवयीने तोंडातून जायचं. त्यात वचन नव्हतं.

शिंपीणबाईंनी ऐकून घेतलं. मशिनीवर नसलेली धूळ तळहाताने पुसली.

"म्हणजे तू बोलायला चुकलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी ऐकायला."

धाकटीने खोलीचा विषय काढला. माझ्यामुळे तुमची खोली गेली, असं ती म्हणणार होती, पण शिंपीणबाईंनी हातानेच तिला थांबवलं. खोलीचं भाची बघेल, त्या म्हणाल्या. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं.

"तुमच्याकडे, जे माणूस परत येणारच नसतं, ते काय म्हणतं?"

"तेही येतेच म्हणतं."

"त्याला माहीत असलं तरी?"

धाकटीची आई ऑपरेशनला आत जाताना चाकांच्या खुर्चीतून मान वळवून म्हणाली होती, येते गं. धाकटीने आजवर ही गोष्ट इथे कोणाला सांगितली नव्हती. आता तिने ती सांगितली, परक्या भाषेत, अडखळत, क्रियापदं चुकवत.

"मग तू वाट बघितलीस," शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं नव्हतं, नुसतं म्हटलं होतं.

"हो. बाहेर बाकावर."

बाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले नाहीत, धाकटीचे मात्र भरले, आणि तिला स्वतःची लाज वाटली. रडायचा हक्क इथे तिचा नव्हता. सुट्टीत येईन, फोन करीन, असं काहीतरी ती घाईघाईने बोलू लागली.

"नको," शिंपीणबाई म्हणाल्या. "आता आणखी काही कबूल करू नकोस. नीट सांग आणि नीघ."

त्या भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्या. धाकटी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. नेहमीचा शब्द जिभेवर आलाच होता, तिने तो गिळला. मग जन्मात कधी उच्चारला नव्हता तो उच्चारला.

"जाते."

"आता बरोबर बोललीस," शिंपीणबाई म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

धाकटी पहिल्याच पायरीवर थांबली. असं अभद्र बोलू नये, येते म्हणावं, म्हणून मागून कोणीतरी रागवेल, हात धरून परत आत नेईल, घोटभर पाणी देऊन पुन्हा नीट निघायला लावेल, असं तिला वाटत राहिलं. त्या देशात तसं रागावणारं कोणी नव्हतं. ती खाली उतरू लागली.