सात वेढ्यांची गाठ

मी एक गाठ बोलतेय. लग्नातली नव्हे, आणि मनातली तर मुळीच नव्हे. झाडं छाटणाऱ्या एका भल्या माणसाच्या जाड दोरावर पातळ दोरीचे वेढे देऊन मला बांधतात; त्या दोरीचं टोक त्याच्या कमरेला असतं. माझं काम सोपं आहे. त्याने माझ्यावर अंगाचा भार टाकला की दोर घट्ट धरायचा, हाताने ढकललं की मुकाट्याने सरकायचं. त्यासाठी वेढे लागतात तीन.

मागच्या वर्षी घाईत त्याने दोनच दिले. मी घसरले, तो हातभर खाली आला आणि त्याची अर्धी विजार फांदीवर राहिली. लागलं काहीच नाही, पण घरच्यांनी हाय खाल्ली. तेव्हापासून त्याच्याबरोबर सगळं घर कामावर येतं.

आज वाचनालयाच्या आवारातलं झाड होतं. वाऱ्याने चिरलेली एक फांदी उतरवायची होती. त्याने तीन वेढे दिले, तोच त्याची आई म्हणाली, "बाळा, माझ्यासाठी एक जास्त दे."

दिला. मग बायको म्हणाली, "आणि माझा?" तोही दिला. सासरे गप्प राहिले असते तर जावयावर जीव नाही असं दिसलं असतं, म्हणून सहावा त्यांचा. आत्या तर रुसूनच बसली होती. सातवा तिचा.

मग माझी परीक्षा झाली. चौघंही माझ्या पातळ दोरीला लोंबकळली. मी तसूभर हलले नाही. काय कौतुक झालं माझं! हलायचं तेव्हा मी हलते का, हे मात्र कुणी पाहिलं नाही. मीही फुगून गप्प बसले.

तो शिडीवरून फांद्यांमध्ये चढला, मला रिकामीच वर ढकलत. उंचावर जाऊन त्याने अंग टाकलं आणि मी अशी आवळले की माझं मलाच सुटेना. तो ढकलतोय आणि मी जागच्या जागी! डोक्यावर ती चिरलेली फांदी करकरायला लागली. खरं सांगते, मला घाम फुटला.

झोका घेऊन त्याने कसंबसं बेचकं गाठलं, तिथे बसून कमरेचा पट्टा खोडाभोवती अडकवला. माझ्यावरचा भार गेला.

"वेढे कमी करावे लागतील!" तो ओरडला. "कुणाचे काढू?"

"माझा नको हं," आई म्हणाली. "नऊ महिने पोटात वाढवलंय तुला."

"जावईबापू, आमचा राहू द्या. लोक काय म्हणतील?"

"माझाच काढशील, ठाऊक आहे मला," आत्याने डोळे पुसले. "शेवटचा ना तो!"

फांदी पुन्हा करकरली. बायको मघापासून नुसती वर बघत होती. ती म्हणाली, "अहो, माझा काढा. वेढा असो नसो, माझा जीव टांगणीलाच लागलाय. तुम्ही आधी खाली या."

"मग माझाही काढ," आई लगेच म्हणाली. सुनेच्या मागे राहील ती सासू कसली! "आमचाही!" सासरे पुढे सरसावले. चढाओढ अशी लागली की आत्या ओरडली, "सगळेच काढ रे, एकसुद्धा ठेवू नकोस!"

"आत्या, मग मी पडेन गं!"

त्याने चार काढले, तीन ठेवले. ते एकमेकांवर चढू न देता नीट बसवले. थोडं अंग टाकून पाहिलं, मी धरलं. ढकलून पाहिलं, मी सरकले. मग त्याने पट्टा सोडला आणि आम्ही दोघं हळूहळू उतरलो. त्याचे पाय जमिनीला लागतात न लागतात तोच ती फांदी मोडून त्याच बेचक्यावर आदळली.



आता त्याची बायको मला सोडतेय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, आणि दर वेढ्याला थांबून त्याला न्याहाळतेय, म्हणून तीन वेढ्यांना तिला युग लागतंय. दोन सुटले. माझ्याकडे फार वेळ नाही, म्हणून एवढंच मागते: मला बांधाल तेव्हा अंग टाकून बघा, आणि ढकलूनही बघा. काळजी कितीही करा, ती माझ्यावर गुंडाळू नका.

तो तिच्यासमोर उभा आहे, दोन्ही पायांवर. सोड गं बाई. आता खुशाल सोड.