कूलरचा पंप स्लॅबवर गेला

मित्रांनो, उन्हाळ्यात कूलरसमोर बसलात की आतून खळखळ आवाज येतो ना? तो माझाच. मी कूलरच्या तळाशी बसणारा पाण्याचा छोटा पंप. आता माझं वय झालं आहे, अंगावर क्षारांचे पांढरे डाग आहेत, पण काम सुटलेलं नाही.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली, पायाशी जाळी बसवली आणि कारंजा शहरातल्या एका दुकानातून मी कामरगाव या गावी आलो. घर देवमन आणि बेबीताईंचं. देवमन एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बेबीताई अंगणवाडीतून. नऊ उन्हाळे मी टाकीतलं पाणी वर चढवून वाळ्याच्या ताट्या भिजवल्या. पाहुणे म्हणायचे, "काय गार हवा हाय!" ते ऐकून मला फार बरं वाटे. मग कूलरचा पत्रा गंजला, टाकी गळू लागली आणि कूलर भंगारात गेला. मला मात्र देवमननी सोडवून एका डब्यात ठेवलं. त्या डब्यात मी दोन वर्षं काढली. कुणी तरी आपल्याला राखून ठेवलं आहे, एवढाच तेव्हा आधार होता.

बेबीताईंनी घराच्या स्लॅबवर, म्हणजे गच्चीवर, चोवीस कुंड्या लावल्या होत्या. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, वांगी, मिरच्या. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कोणत्या कुंडीला पाणी घातलं हे त्यांना दिसत नसे. माती बोटांनी चाचपून त्या पाणी घालत. तरी एखाद्या कुंडीत दोनदा पडे आणि शेजारची कोरडी राही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता लांबवाल तर नजर जाईल. ऑपरेशन अमरावतीला, लेकीच्या, रत्नमालाच्या गावी करायचं होतं. दोघांनाही महिनाभर तिथे राहावं लागणार होतं.

"मी गेली तं या झाडाइले पानी कोन देईन?" बेबीताई म्हणाल्या. "मे महिना हाय. पाऊस लागला की जाऊ."

"मागच्या सालीबी तू हेच म्हटलं होतं," देवमन म्हणाले.

त्याच दुपारी त्यांनी डबा उघडला. माझी जाळी घासली, जुनी वायर काढून नवी लावली. स्लॅबवर लोखंडी स्टँडवर पाण्यानं भरलेला ड्रम ठेवला, त्यात मला सोडलं. माझ्या तोंडाला पाइप जोडला आणि पाइपातून प्रत्येक कुंडीत एकेक बारीक नळी नेली. टायमर लावला, सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. संध्याकाळी चोवीस नळ्यांमधून पाणी ठिबकलं, तेव्हा पुन्हा कामाला लागल्याच्या आनंदात मी जोरात घुमत होतो.

पण ड्रम कुंड्यांपेक्षा उंचावर होता. टायमरनं मला थांबवलं, तरी पाणी नळ्यांमधून आपोआप उतरत राहिलं. सकाळपर्यंत ड्रम रिकामा झाला. ठरल्या वेळी मी सुरू झालो, आणि भोवती पाण्याचा थेंब नाही! पाण्याशिवाय चाललो तर आम्ही जळतो, मित्रांनो. माझं अंग तापू लागलं, आवाज घरघरीत झाला.

बेबीताईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. कुंड्यांतून सांडलेल्या चिखलातून चपला फटफटवत त्या आल्या आणि चाचपडत त्यांनी प्लग ओढला.

"अहो, पंप कोरडा चालून राह्यला होता! हात लावून पाहा, केवढा तापला!" आणि मग त्या पायरीवर बसल्या. "जाऊ द्या. मी नाही जात अमरावतीले."

देवमननी नळ्या पाहिल्या, ड्रम पाहिला. मग म्हणाले, "ड्रम वर ठेवला, हे चुकलं माझं. मले चार दिवस दे. त्यानंबी नाही जमलं तं मी पुन्हा अमरावतीचं नाव नाही काढत."

त्यांनी ड्रम जिन्याच्या वळणावर, कुंड्यांच्या बराच खाली आणला. घराच्या स्लॅबवरच्या मोठ्या टाकीतून तो भरत राहावा म्हणून, ड्रम भरला की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक बसवला. आता पाणी मला वर चढवायचं होतं. मी थांबलो की पाणीही थांबे. टोकाच्या कुंड्यांना कमी जात होतं, तिथे त्यांनी दोन-दोन नळ्या दिल्या. चार दिवस बेबीताई रोज मातीत बोटं घालून पाहत होत्या. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःच पिशवी भरली.

तो महिना मी कधी विसरणार नाही. घराला कुलूप होतं, ऊन रणरणत होतं. जाळीत गाळ अडकत होता, दम लागत होता, तरी मी पाणी चढवत राहिलो. ज्या हातांनी मला जळताना वाचवलं, त्यांच्यासाठी एवढं तर करायलाच हवं होतं.

बेबीताई काळा चष्मा लावून परतल्या. सावकाश जिना चढून स्लॅबवर आल्या. एक मिरची वाळली होती, बाकी सगळी झाडं हिरवीगार होती. जास्वंदाजवळ त्या थबकल्या. "इतका लाल असते हा?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी देवमनना मला ड्रममधून बाहेर काढायला लावलं. हातात घेऊन पाहिलं. "अवं माय, इत्तासाच हाय हा!" मग पदरानं माझं अंग पुसलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही कूलरच्या टाकीत माझा एखादा भाऊ गाळात रुतून पडला असेल. पावसाळा लागला की मोठ्यांना सांगून प्लग काढा, त्याला बाहेर काढा, त्याची जाळी धुवा आणि सावलीत वाळवा. त्याला कोरडा मात्र कधी चालवू नका. त्याच्या अंगात अजून पुष्कळ काम शिल्लक असतं.

मी अजून रोज सकाळी सुरू होतो. बेबीताईंना आता पाण्यासाठी वर यायची गरज नाही, तरी त्या येतात. खुर्ची टाकून बसतात आणि नळीच्या टोकाशी थेंब भरतो कसा, पडतो कसा, ते पाहत राहतात.